फोल्डरमध्ये जे जे आहे

डॉक्टर नसीमा अत्तार यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, आईच्या नजरेला नजर मिळेल इतक्या वाकून बसल्या आणि नेहमीच्या, घाई नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "उज्ज्वलाताई, काल विचारलं तेच आज पुन्हा विचारते. छातीचे स्नायू थकलेत. हा नाकावरचा मास्क आता फार दिवस पुरणार नाही. गळ्यातून नळी घातली आणि श्वासाचं यंत्र जोडलं, तर काही महिने मिळतील, कदाचित जास्तही. नाही घातली, तर थोडे आठवडे. त्यात त्रास होऊ देणार नाही, ते माझ्याकडे लागलं. घालायची का नळी?"

पलंगाच्या कडेला अडकवलेल्या छोट्या स्पीकरमधून आईचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, पूर्वीचाच.

"नको."

"नक्की?"

"नको हो डॉक्टर. कशाला उगीच."

डॉक्टरांनी मान हलवली. वेगवेगळ्या दिवशी दोनदा विचारायचं, दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते पक्कं धरायचं, अशी त्यांच्या हॉस्पिटलची पद्धत होती. केतकी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. आई डॉक्टरांकडे बघतच नव्हती. तिचे डोळे केतकीवर खिळले होते. आताशा तिच्या पापण्या पुरत्या मिटत नसत, डोळे कोरडे पडत. केतकीनं त्यांत थेंब घातले आणि कडेनं ओघळलेलं पाणी कापसानं टिपून घेतलं.

"तुमच्या आई फार स्पष्ट आहेत," निघताना जिन्यापाशी डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकांना हे जमत नाही."

केतकीला अभिमान वाटला. त्याच्या खाली आणखीही काहीतरी सैल पडल्यासारखं झालं. ते काय, हे तिनं बघितलं नाही.

पर्थहून निनादचा फोन आला. धाकटा भाऊ, तिकडे जाऊन आता बरीच वर्षं झालेली. "आईचंच खरं, ताई," तो म्हणाला. "तिला कुणावर भार टाकायचा नसतो. आयुष्यभर तशीच." मग तिकीट बघतो म्हणून त्यानं फोन ठेवला.

उज्ज्वला आष्टेकर यांचा आवाज एके काळी अख्ख्या सांगलीच्या ओळखीचा होता. त्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसत आणि गाड्यांची घोषणा करत. तासगाव, विटा, आटपाडी, जत. मंडईत भेंडी निवडताना त्यांनी भाव विचारला की शेजारची बाई वळून बघायची, आणि मग हसून म्हणायची, "तरीच म्हटलं, आता कुठली गाडी सुटती!"

आजारानं आधी आवाजच नेला. जीभ जड झाली, तासगावचा ता फुटेना. कुणीतरी खिडकीत डोकं घालून "बाई घेऊन बसल्यात काय?" असं विचारलं, त्याच महिन्यात त्यांनी रजा टाकली. मग हात गेले, मग पाय. चेतापेशींचा आजार. त्याला औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

पण तोवर वाचापट्टी आली होती. बोलायचं मनात आलं की मेंदूचा एक भाग जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. या आजारात ते हुकूम वाहून नेणाऱ्या पेशी मरत जातात. हुकूम सुटत राहतात, फक्त पोचत नाहीत. वाचापट्टी म्हणजे मेंदूच्या नेमक्या त्या भागावर ठेवलेली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी. ती हुकूम वाटेतच ऐकते, संगणक त्यावरून शब्द ओळखतो आणि माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवतो. आईच्या आवाजाला तर तोटाच नव्हता. स्टँडवरची वर्षानुवर्षांची ध्वनिमुद्रणं होती. पट्टी बसवल्यावर तिचं पहिलं वाक्य आलं तेव्हा घरातली सगळी माणसं रडली, आणि आई म्हणाली, "फलाट सोडून दुसरं काही बोलता येतंय का बघू या."

अडचण पुढची होती. हुकूम सोडणाऱ्या पेशीसुद्धा हळूहळू झिजतात. संकेत फिका होत जातो, मधले शब्द गळतात आणि गळलेली जागा यंत्राला अंदाजानं भरावी लागते. अंदाज चुकू नये म्हणून यंत्राला माणसाची ओळख करून द्यायची, त्यासाठी स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मराठीत लिहिलेली छोटीशी फाइल. शोभाकाकू समोर असल्या तर आई 'अगं' म्हणते. निनादच्या फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा. बातम्या लागल्या की एक तरी शेरा. संकेत ठळक असेल तिथे यंत्र माणसाचं ऐकायचं, फिका असेल तिथे फाइलींचं. दोन फाइलींचं पटलं नाही, तर नंतर लोड झालेली खरी.

सुरुवातीला केतकी यंत्राच्या सेटिंगमध्ये एकेका फाइलीचं नाव टाइप करायची. ती भाषांतराची कामं करणारी, चिकाटीची. तिला त्याचं काही वाटत नसे. वाचाउपचारासाठी घरी येणारी रेश्मा एकदा तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली, "मॅडम, कशाला एवढं? सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये टाका आणि फोल्डरचंच नाव द्या. रोज सकाळी चालू होताना त्यात जे जे आहे ते सगळं उचलेल." एका ओळीचं काम होतं. तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर 'फाइली लोड झाल्या' अशी अक्षरं उमटत, आणि आई म्हणे, "उठलीस का गं?"

पडद्यावर अंदाजाचे शब्द करड्या रंगात दिसायची सोय होती. शोभाकाकूंनी ती दोन दिवसांत मोडीत काढली. त्या समोरच्या घरातल्या, आईच्या स्टँडवरच्या नोकरीपासूनच्या मैत्रीण. चष्मा वर करून त्या पडदा वाचायच्या आणि विचारायच्या, "हे करडं कुणाचं गं, तुझं का यंत्राचं?" तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "केतकी, ते रंग बंद कर. माझ्या बोलण्यात खडे निवडतायत लोक."

आणि मग खिरीचा दिवस. आईला तेव्हा पातळ पदार्थ गिळता येत होते. शोभाकाकू वाटी घेऊन आल्या, मागोमाग त्यांच्या दोन जावा. "गव्हल्यांची खीर केलीय. घेणार का थोडी?"

काकूंचं वाक्य संपतं न संपतं तोच स्पीकर खणखणला. "हो! वाटीभर दे."

काकू खो खो हसत सुटल्या. "अगं बाई! उज्ज्वला पहिल्या झटक्यात हो म्हणाली! लिहून ठेवा रे कुणीतरी!" जावाही हसल्या. आईच्या चेहऱ्याचे स्नायू कधीच गेले होते, पण कानांच्या पाळ्या लाल झालेल्या केतकीला दिसल्या.

पाहुण्या गेल्यावर आई म्हणाली, "मला लाज वाटली."

"अगं, त्यात काय? भूक होती, मागितलीस."

"मागितली नाही गं. मनात आलं. मनात आलेलं माणूस आधी गिळतो, मग नको म्हणतो, मग पुढच्यानं आग्रह केला की घेतो. हे यंत्र गिळतच नाही. हावरट केलं मला चारचौघींत. काहीतरी कर."

केतकीनं केलं. 'आग्रह' नावाची फाइल लिहिली. आईला कुणी काही देऊ केलं, हवं का, घेणार का, घालू का असं विचारलं, तर पहिल्या दोन वेळा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की संकेत असेल ते. पुढच्या खेपेला काकूंनी सरबत पुढे केलं. "नको गं." "घे गं." "नको, आत्ताच पाणी घेतलंय." "माझ्या गळ्याची शपथ आहे." "बरं, दे घोटभर." काकूंनी टाळीच वाजवली. "आली बाई आमची उज्ज्वला परत!"

फाइली वाढत गेल्या. निनाद तिकडून पाठवी. आईच्या जुन्या कोट्या, तिच्या सांगायच्या गोष्टी, वडिलांना ती मारायची ते टोमणे. सुट्टी मिळत नव्हती. फाइल लिहिणं हेच त्याचं घरी येणं होतं. केतकीही लिही. रविवारच्या फोनवर आई आणि निनाद तासभर हसत. रेश्मा अधूनमधून तपासणी करून म्हणे, "संकेत बराच उतरलाय हं मॅडम." पण आई इतकी छान बोलत होती की ते कुणाला खरं वाटत नसे.

नळीला नको म्हटल्याचं शोभाकाकूंना दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. त्या स्वयंपाकघरात केतकीच्या समोर बसल्या होत्या. चहा तसाच निवत होता.

"नको म्हणाली?"

"हो. डॉक्टरांनी दोन दिवस विचारलं."

"आणि तुम्ही तेवढ्यावर उठलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! अगं, या बाईनं दोनदा विचारून कधी चहा घेतलेला नाही. नणंदेच्या लग्नात हिला साडी घ्यायला लावताना मला हिच्या पाया पडायची वेळ आली. आणि जिवाचं विचारताय, तर कशाला उगीच म्हटल्यावर चाललं तुम्हाला?"

"काकू, साडी आणि हे एकच का? तिला कळत नसेल होय, कशाला काय म्हणायचं ते?"

"तिला कळत असेल," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मी आपलं बोलले."

तिला कळत असेल. केतकीनं कप खाली ठेवला. आईला कळत असेल, पण फाइलीला काय कळतंय? तिनं ती पाहुण्यांसाठी लिहिली होती. पाहुण्यांसाठीच, असं मात्र कुठे लिहिलं नव्हतं, कारण लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे खिरीची वाटी होती. घालू का, हे तिचेच शब्द. घालायची का नळी, हे डॉक्टरांचे. आणि फाइली रोज सकाळी नव्यानं लोड होत. मोजणी रोज पहिल्यापासून. डॉक्टर एका दिवशी दोनदाच विचारत होत्या, एकदा प्रश्न आणि एकदा 'नक्की?'.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं. "पांढरी का पडलीस?"

निनादनं फोन उचलला तेव्हा मागे ऑफिसातली गडबड होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तेवढी एक फाइल काढ ना."

"तुझी एक आहे, आई कुणावर भार टाकत नाही म्हणून. ती ठेवू?"

पलीकडे दार लागलं, मागची गडबड थांबली.

"माझी आहे, आई कुरकुर करत नाही. ती?"

"ताई, आपण खोटं थोडंच लिहिलंय? तशीच आहे ती."

"असेल. पण मला आता तिला विचारायचंय. तुला नाही, मला नाही. कुठली ठेवू सांग."

"सगळ्या काढल्यास तर ती गप्प होईल."

"आहे तेवढी बोलेल."

"आणि काहीच नसेल तर?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे... रविवारी मी कुणाशी बोलत होतो, ताई?"

केतकीलाही तीच भीती होती. फाइली काढल्या आणि खाली आई सापडलीच नाही, तर आज जी आहे तीही जाईल. आणि नाही काढल्या, तर एका माणसाचं मरण तिच्या स्वतःच्या हातच्या चार ओळींनी ठरेल.

"काढतेय मी," ती म्हणाली.

तिनं एकेक फाइल दुसरीकडे हलवली. वाचली नाही. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर अक्षरं आली, 'फोल्डर रिकामा आहे. पुढे जायचं?' तिनं हो दाबलं.

खोलीत मास्कच्या हवेचा फुसफुस आवाज तेवढा होता. रस्त्यावरून भंगारवाल्याची रेकॉर्ड लावलेली गाडी गेली, वळणापर्यंत ऐकू येत राहिली. केतकी पलंगाजवळ, डॉक्टर बसल्या होत्या तिथे बसली.

"आई, मी सगळ्या फाइली काढल्यात. आता मधे कुणी नाही. वेळ लागू दे."

स्पीकर गप्प होता. केतकीला वाटलं, आई नेहमीसारखं काहीतरी म्हणेल आणि हसवेल. मग लक्षात आलं, ते नेहमीचं तिनं आत्ताच दुसरीकडे हलवलंय. आईचे डोळे तिच्यावरच होते. भिंतीवरचं ऊन सरकून कपाटाच्या दारावर आलं. शोभाकाकू दारातून डोकावून परत गेल्या. मग स्पीकर खरखरला. एक स्वर आला, तुटला. पुन्हा आला.

"के... तू."

केतूडी, केतू. शाळा सुटल्यापासून या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. कुठल्याही फाइलीत ते नव्हतं. तिच्याही नाही, निनादच्याही नाही. तिनं आईचा हात घट्ट धरला, मग तो दुखेल म्हणून सैल केला.

"हं आई. आहे मी. ऐक, नळीचं विचारायचंय. गळ्यातून नळी घालायची का? तुला काय हवंय? कुणाचा विचार करू नकोस."

ऊन कपाटावरून गेलं तरी ती तशीच बसून राहिली.

"हो."

"हो म्हणजे घालायची?"

"हो."

"मग काल, परवा... डॉक्टर विचारत होत्या तेव्हा का नाही बोललीस गं?"

संकेताची रेघ पडद्यावर थरथरत राहिली, खाली पडली, पुन्हा उठली. आलेला शब्द इतका हळू होता की केतकीला कान स्पीकरला लावावा लागला.

"बोलले."

ती बोलली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं हो म्हटलं होतं, आणि तिच्याच आवाजात, तिच्याच कानांवर, नको पडलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती केतकीकडे बघत राहिली होती, आणि केतकीनं डोळ्यांत औषध घालून वाहिलेलं टिपून काढलं होतं.

केतकी उठली, न्हाणीघरात गेली, नळ सोडला. परत येऊन आईच्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला.

हॉस्पिटलात सकाळच्या वेळी सगळ्यांनाच घाई होती. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे होते, एक नर्स ट्रे धरून. रुग्णाची संमती रुग्णाकडूनच हवी होती, आणि आधीचं उत्तर उलटं असल्यामुळे जास्तच हवी होती. अत्तार डॉक्टरांनी प्रश्न विचारला. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

"मॅडम," भूलतज्ज्ञ केतकीला हळूच म्हणाले, "ते स्क्रिप्ट वगैरे घालून विचारता येईल का? पटकन होईल."

"पटकन होईल," केतकी म्हणाली. "पण मग ते उत्तर माझं असेल."

अत्तार डॉक्टरांनी फोन काढला, "बाहेरच्या पेशंटना सांग, उशीर होईल," एवढं बोलून तो बंद करून खिशात टाकला आणि खुर्ची ओढून बसल्या. भूलतज्ज्ञांनी हात छातीशी बांधले, मग सोडले, मग तेही स्टुलावर बसले. नर्सनं ट्रे टेबलावर ठेवला. बाहेर कुणीतरी मोठ्यानं नाव पुकारत होतं, स्ट्रेचरची चाकं वाजत होती. आतली सगळी माणसं एका बाईच्या एका शब्दासाठी थांबली होती.

"हो," स्पीकर म्हणाला.

भूलतज्ज्ञ उठू लागले. डॉक्टरांनी हातानं त्यांना थांबवलं. रेघ अजून थरथरत होती.

"भी... ती."

"भीती वाटते?"

"हो."

"वाटणारच," अत्तार डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मलाही वाटते, प्रत्येक वेळी. मी असेन तिथं." मग केतकीकडे न बघता, "स्पष्ट आहेत म्हणाले होते मी. मला ऐकू येत होतं, तेवढ्यावर गेले."

नळी बसली. एक आठवडा तापात गेला, पण आई त्यातून निघाली आणि घरी आली. फोल्डर रिकामाच राहिला.

घर बदललं. दिवसाकाठी चार-पाच शब्द येत, एखाद्या दिवशी तेवढेही नाहीत. आणि आलेले शब्द काही छान नसत. "खाज." "उजेड बंद." "दुखतंय." एकदा रेश्माला, "हळू गं." आई कुरकुर करत होती. बरीच करत होती. केतकी काम घेऊन तिच्याजवळ बसे, आणि कधीकधी दुपारभर दोघींमध्ये एकही शब्द होत नसे. शोभाकाकूंना पहिले काही दिवस ते जड गेलं. "बोलत का नाही गं काही?" म्हणून त्या आईलाच रागावल्या. मग त्या गव्हले वळायचं ताट घेऊन येऊ लागल्या आणि गप्प बसून वळत राहू लागल्या.

निनाद आला. विमानतळावरून थेट आईच्या खोलीत गेला आणि बोलायला लागला. मुलांचं, घराचं, हवेचं, बागेत शिरलेल्या कांगारूचं. आईकडून काही येईना तसा तो आणखीच बोलू लागला, हसू लागला, स्वतःच प्रश्न करून स्वतःच उत्तरं देऊ लागला. बऱ्याच वेळानं स्पीकर खरखरला. तो एकदम थांबला.

"गप्प... बस."

निनाद बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्यानं आईच्या उशीत तोंड खुपसलं. केतकी दार लोटून बाहेर आली.

जायच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात तिला म्हणाला, "विचारलं मी तिला."

"काय?"

"रविवारच्या गप्पा. त्यातलं तुझं किती होतं म्हणून."

"मग?"

"काही, म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. काही." त्यानं रिकामा ग्लास पुन्हा विसळला. "मी विचार करतोय, कुठलं असेल."

केतकीनं तसं कधी विचारलं नाही. त्या महिन्यांतलं आईचं कितीतरी बोलणं तिला पाठ होतं, शेजाऱ्यांना सांगितलेलं, पाहुण्यांत वाखाणलं गेलेलं. त्यातलं कुठलं आपलं आणि कुठलं आईचं, हे आता वेगळं काढता येणार नव्हतं. नळी बसल्यानंतरचे शब्द मात्र एखाद्या पोस्टकार्डावर मावतील एवढेच होते, आणि त्यातला एकही तिला सोडायचा नव्हता, 'खाज' सुद्धा नाही.

आई पावसाळा लागायच्या आत गेली. सकाळी, केतकी तिचे केस विंचरत असताना. त्याआधीचे चार दिवस पडद्यावरची रेघ अगदी सपाट होती. डॉक्टरांनी सांगितलं होतंच की संकेत आधी जाईल. म्हणजे शेवटचा शब्द त्याच्याही आधीचा, मेमधल्या एका दुपारचा.

त्या दुपारी शोभाकाकूंनी आमरस पाठवला होता. आईचं जेवण तोवर थेट पोटातल्या नळीनं जात होतं. तोंडातून काही द्यायची परवानगी नव्हती. रेश्मा आली होती. केतकीनं वाटी तिच्यापुढे धरली. "जिभेला लावू का नुसता? चवीपुरता?"

"चमच्याच्या टोकावर येईल एवढाच," रेश्मा म्हणाली. "त्याच्यापुढे नाही हं. छातीत उतरला तर पंचाईत."

केतकीनं चमच्याचं टोक रसात बुडवलं आणि आईच्या जिभेवर टेकवलं. जीभ हलली नाही. पण डोळ्यांत काहीतरी हललं. केतकीनं ओठ पुसले, वाटी बाजूला ठेवली. रेश्मा मशीनची नळी तपासू लागली. दोघी शोभाकाकूंच्या नातीबद्दल काहीतरी बोलत होत्या. बोलणं संपलं, रेश्मानं पिशवी आवरली, आणि तेव्हा स्पीकर खरखरला.

"आण..."

दोघी थबकल्या.

"आणखी."

रेश्मानं केतकीकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवून ती खिडकीशी गेली आणि पाठ करून, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांकडे बघत उभी राहिली.

केतकीनं पुन्हा काही विचारलं नाही. तिनं वाटी जवळ ओढली आणि चमचा रसात बुडवला.